बेनीकाका इथेच राहिले

मंडळी, नमस्कार. मला माईकची सवय नाही. मी जनार्दन. उलव्याला माझं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि गिटारमधलं मला काही कळत नाही. तरी बोलायला मला उभं केलंय, कारण बेनीकाकांच्या मागे गावोगाव फिरणाऱ्यांत मी सगळ्यात जुना. काय बोलायचं ते सकाळपासून ठरवतोय. डोळे भरून येतात, आणि मग काकांचं काहीतरी आठवून हसूच येतं. तेव्हा मधेच हसलो तर रागावू नका.

बेनीकाका म्हणजे आपले बेंजामिन. पनवेलचे बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. आयुष्यभर कचेरीत नोकरी केली आणि सुट्टी मिळाली की बँडबरोबर दौरा. रोहा, महाड, चिपळूण, पार सावंतवाडीपर्यंत. फक्त शुक्रवारची संध्याकाळ नाही, तेव्हा त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू व्हायचा. आम्ही सात-आठ जण गाडी करून मागे जायचो. गाणी तीच असायची, गायकही तोच. आम्ही जायचो ते गाण्याच्या मधल्या दोन-तीन मिनिटांसाठी. गायक बाजूला व्हायचा आणि काका गिटार घेऊन एक पाऊल पुढे यायचे.

दर वेळी वेगळं वाजवायचे. मी एकदा तक्रार केली. म्हटलं, "काका, रोह्याला वाजवलंत ते महाडला का नाही वाजवलं?"

काका म्हणाले, "अरे, ते रोहेकरांना वाढलं. महाडकरांना शिळं कशाला देऊ?"

मग माझ्या पुतणीचा साखरपुडा आला. दुपारची वेळ, मांडव भरलेला, वाजवायला काकांचाच बँड. काका त्या दिवशी गप्प होते. विचारलं, तेव्हा म्हणाले, "जनार्दन, हा शेवटचा कार्यक्रम. मुलगी इस्रायलला बोलावतेय. पुढच्या महिन्यात निघतो. इथे आता माझं असं कोण आहे?" काकूंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

पहिलंच गाणं. काका पुढे आले, सोलो सुरू केला आणि लाइट गेली. माईक बंद, पंखे बंद, स्पीकर बंद. आमच्या मांडवात अशा वेळी काय गलका होतो, तुम्हाला ठाऊक आहे. पण काका थांबले नाहीत. डोळे मिटून वाजवतच राहिले. इलेक्ट्रिक गिटार विजेशिवाय ऐकू येऊन येऊन किती येणार? तेवढ्यात माझी आई उठली. ऐंशीच्या पुढची. म्हणाली, "जरा गप बसा रं. तो मानूस वाजवतंय, आमाला आयकू नाय येत."

मांडव गप्प झाला. लोक खुर्च्या उचलून पुढे सरकले. काही बायका तर स्टेजच्या कडेलाच जाऊन बसल्या. कोणी खोकलंसुद्धा नाही. काकांनी डोळे उघडले, तर अख्खा मांडव हातभर अंतरावर. मग हसले, आणि काय वाजवलं म्हणून सांगू! मधेच लाइट आली, तर लोकांनी साउंडवाल्याला स्पीकर बंद करायला लावले.

खाली उतरल्यावर काका आईच्या पाया पडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मुलीला काय सांगू रे आता?"

ते गेले नाहीत. त्यानंतर नऊ वर्षं वाजवलं. अगदी मागच्या महिन्यापर्यंत. आणि गेल्या आठवड्यात झोपेतच गेले.

रिबेकाताई, तुम्ही इतक्या लांबून आलात, समोर बसला आहात. नऊ वर्षं तुम्ही वडिलांची वाट पाहिलीत. ते आले नाहीत, त्यात आमचा हात आहे. तुमच्या वाट्याची ती वर्षं आम्ही मजेत ऐकत घालवली. माफी मागितली तर ती खोटी होईल, कारण त्यातला एकही दिवस आम्हाला परत द्यावासा वाटत नाही. म्हणून आभार मानतो. तुम्ही त्यांना आमच्याकडे राहू दिलंत.

मंडळी, आता सगळे उभे राहू या. आधी ताईंना हात जोडू, मग काकांना.

नमस्कार, काका.