तात्यांच्या हारांचं काय करायचं?

मंडळी, बसून घ्या. साताऱ्याचे पाहुणे, पुढं या. गल्लीत माझी जीभ लांब, म्हणून मला उभं केलंय. पण आज ती वळत नाही. माणूस गेला म्हणून रडू येतंय की त्याचा धाक गेला म्हणून, हेच मला उमजत नाही.

दुष्काळ सरला त्या साली सुभेदार तात्या पलटणीतून घरी आले आणि गल्लीच्या टोकाला खड्डा खणायला लागले. आम्हाला वाटलं, खंदक! म्हटलं, शत्रू कोण? शत्रू आम्हीच निघालो. दर दारात दोन डबे. कुजेल ते डाव्यात, न कुजेल ते उजव्यात. डावा डबा खड्ड्यात, खत शेतात. रोज सकाळी तपासणी. एकदा उजव्या डब्यातून माझ्याच लेखाचा चोळामोळा काढून म्हणाले, "मास्तर, ह्ये कुजंल का न्हाई?"

म्हटलं, "तात्या, लिहितानाच कुजलंय."

"मग डावीकडं टाका की!"

हसा मंडळी. ते नव्हते हसले.

एकाच गोष्टीवर गल्ली त्यांना बधली नाही. निर्माल्य. देवाची फुलं आम्ही कृष्णामाईत सोडणार. तात्या म्हणत, "फूल हाय, कुजतंय. खड्ड्यात टाका." शेजारच्या आक्का उसळल्या, "आवं, देवाच्या अंगावरचं फूल उकिरड्यात? मग तुमी गेल्यावर तुमचंबी हार त्यातच टाकू का?"

"टाका की. लय बेस हुईल."

झालं. आता तात्या गेले आणि हे हार समोर आहेत. सकाळी सुभेदारीण काकूंनी मला विचारलं, "मास्तर, कुठं टाकू? नदीत सोडलं तर त्यांचा शबुद मोडला. खड्ड्यात टाकलं तर लोकं म्हणतील, नवऱ्याला उकिरडा दावला."

मी जगाला सल्ले देणारा माणूस. हार मोजत बसलो. नदीत मान आहे, खड्ड्यात शब्द आहे. यातलं मोठं काय? असल्या भानगडीचा निकाल देणारा गल्लीत एकच माणूस होता, आणि हार त्याच्याच फोटोला आहेत. त्यांचेच हार नदीत गेले, तर उद्यापासून डावा-उजवा कोण पाळणार? मी तर नाहीच. मी मला ओळखतो.

काकू, माझं डोकं अजून चालत नाही. पण फुलं कुजतील आणि हा जरीचा दोरा कुजणार नाही, एवढं नक्की. तेवढं वेगळं करतो. ज्याला नदी बरी वाटते, त्यानं आपला हार न्यावा. माझी ना नाही.

गाठ फार घट्ट आहे हो.

आक्का, तुम्ही उठलात? काय म्हणता?

मंडळी, आक्का म्हणतात, "द्या हिकडं. तुमाला गाठ सुटंना." त्यांना पटलंय का, ते त्या सांगत नाहीत. मी विचारत नाही.

उभे राहा सगळे. गाठी सुटेपर्यंत कुणी बोलू नका.