ठोक्यावरचा पाय

सत्यवती : भात तिसऱ्यांदा गरम केलाय. चौथ्यांदा केला तर त्याची पेज होईल. उठा अवो.

हिम्मतराव : भूक नाही.

सत्यवती : सकाळी आबिड्सला कोटाची ट्रायल द्यायला गेलात ते शीळ घालत. आलात ते मयतीहून आल्यासारखे. कोट तंग झाला का?

हिम्मतराव : कोट बरोबर आहे. टेलरमास्तर म्हणाला, साब, हात उप्पर करो. मी केले. तर टेप गळ्यात तशीच टाकून हसत खालीच बसला तो. म्हणाला, बिल्कुल क्लिप के जैसा. मग मोबाइल काढून दाखवली मला. सगळं दुकान गोळा झालं.

सत्यवती : कसली क्लिप?

हिम्मतराव : लेकीला विचार. मी आल्यापासून कॉम्प्युटरच्या आडून माझ्याकडं बघतेय.

रेणू : मम्मी, मी केलीय. मीच. पप्पांना अंपायर होऊन पंचवीस वर्षं झाली ना, म्हणून. मागच्या रविवारी मी कबड्डीची फायनल शूट केली होती. कुकटपल्लीला ऑफिसात दिवसभर दुसरं काय करतो आम्ही, व्हिडिओ कापायचे आन् जोडायचे. त्याच्यावर एक डान्सचं गाणं टाकलं नि नेटवर चढवलं. बस्स.

सत्यवती : किती जणांनी बघितलं?

रेणू : बावीस हजार.

सत्यवती : बावीस हजार लोकांत बापाला नाचवलंस होय?

रेणू : नाचवलं नाही गे. पप्पा इशारे करतात ना, हात वर, हात आडवा, तेच गाण्यावर बसवलं. लोकांना लई आवडले पप्पा. खाली लिहिलंय बघ, अंकल सूपर.

सत्यवती : अंकल सूपर. अगं, या महिन्यात त्यांना नॅशनल अंपायरांच्या पॅनलवर घेतल्याची चिठ्ठी यायचीय. पंधरा वर्षं वाट बघितली. त्याच्यासाठीच तर तो कोट शिवायला टाकलाय. वरच्या लोकांनी हा तमाशा बघितला तर चिठ्ठी पाठवतील का?

रेणू : काढते ना. आत्ता काढते. परेशान नक्को होऊ.

हिम्मतराव : हात लावू नकोस.

रेणू : सॉरी पप्पा. मला वाटलं, तुम्ही खूश होणार.

हिम्मतराव : सॉरी राहू दे. लाव ती. तो मोठा ठोका येतो गाण्यात, तिथं मला तीन-तीनदा का दाखवलंस?

रेणू : ते रिपीट केलंय. तुम्ही हात असा झटकून नाही म्हणता, तो ठोक्यावर बरोब्बर पडतो. सगळी मजा तिथंच आहे.

हिम्मतराव : माझ्या हाताकडं बघू नको. कोपराच्या मागं बघ. थांबव. इथं.

रेणू : एक मुलगी आहे. चढाई करतेय.

हिम्मतराव : भामा. मेदकची कॅप्टन. पाय कुठं आहे तिचा?

रेणू : रेषेच्या पलीकडं.

हिम्मतराव : आणि दुसरा?

रेणू : हवेत.

हिम्मतराव : नीट बघून सांग.

रेणू : हवेतच आहे, पप्पा. तिन्ही वेळा.

सत्यवती : मला कुणी सांगेल का? पंचवीस वर्षं तुमच्या पांढऱ्या पँटी धुतल्या, खेळ कुठं शिकले मी.

हिम्मतराव : चढाईला गेलेल्या मुलीचा एक पाय त्या मागच्या रेषेपलीकडं पडला आणि दुसरा तेव्हा हवेत असला, की बोनसचा एक गुण. मी हात झटकून म्हटलं, नाही. ती म्हणाली, सर, पाय गेला होता. मी ताकिदीचं हिरवं कार्ड दाखवलं.

रेणू : आणि त्या किती गुणांनी हारल्या?

हिम्मतराव : एका.

सत्यवती : आई गं.

हिम्मतराव : दिला असता तर बरोबरी झाली असती. जादा वेळ खेळल्या असत्या. पुढं जिंकल्या असत्या की हारल्या असत्या, मला काय ठाऊक. पण तो वेळ मी खाल्ला. जिंकलेल्या टीममधून राज्याच्या शिबिराला मुली घेतल्या. यादी उद्या जाते. मॅच संपल्यावर ती पोरगी माझ्या पाया पडून गेली, सत्या.

सत्यवती : ऐका. बावीस हजारांनी बघितलं, एकाला तरी दिसला का पाय? सगळे तुमचे हात बघतायत. रेणू काढून टाकते. झालं, संपलं.

हिम्मतराव : तुला दिसला ना आता?

सत्यवती : मला दिसला तरी मी तुमचीच बायको आहे.

हिम्मतराव : रेणू, असोसिएशनला पत्र टाइप कर. निकाल बदलू नका म्हणावं, तो बदलत नसतो. पण चूक अंपायरची होती, मुलीची नव्हती. शिबिरासाठी तिला एकदा बघा.

रेणू : आणि तुमचं पॅनल?

हिम्मतराव : त्यांचं ते बघतील.

सत्यवती : बघतील. काट मारतील नावावर. पंधरा वर्षांवर एक काट.

हिम्मतराव : मारू दे.

सत्यवती : आन् मी त्या कोटाला घडी घालून डांबरगोळ्या लावत बसते.

रेणू : पत्रासोबत क्लिप जोडू का? गाणं काढून देते. बरं नाही दिसणार ते.

हिम्मतराव : गाणं असू दे. मैदानावर चार हातांवर उभा होतो, मला पाय दिसला नाही. त्या ठोक्यावर दिसला.

सत्यवती : लिहा. पण आधी दोन घास खाऊन लिहा. उपाशी माणसाचं पत्र रडकं होतं.

हिम्मतराव : आधी त्या पोरीला फोन. स्कोअरशीटवर त्यांच्या कोच मॅडमचा नंबर आहे.

(हिम्मतराव फोन घेऊन गॅलरीत जातात.)

सत्यवती : लाव गं परत. मी अजून धड बघितलीच नाही.

रेणू : मम्मी, रडतेस का?

सत्यवती : रडायला काय झालंय. हात मात्र सुरेख हलतो यांचा. लग्नात असाच झटकून माझ्यावर अक्षता टाकत होते, तेव्हाचा हात आहे हा.

रेणू : मी नसती टाकली क्लिप तर काहीच झालं नसतं ना?

सत्यवती : झालेलं होतंच की. नुसतं कळलं नसतं.

रेणू : हळू. आले.

सत्यवती : काय म्हणाली?

हिम्मतराव : मी म्हटलं, बाळ, तुझा पाय गेला होता. चूक माझी.

रेणू : मग?

हिम्मतराव : मग म्हणाली, माहीत आहे सर. क्लिप पहिल्याच दिवशी बघितली. होस्टेलातल्या सगळ्या मुलींनी बघितली.

रेणू : पहिल्याच दिवशी? मग आठवडाभर कुणाला बोलली का नाही?

हिम्मतराव : मीपण तेच विचारलं.

सत्यवती : अवो, मग काय म्हणाली?

हिम्मतराव : म्हणाली, कार्ड दाखवताना तुम्हीच सांगितलं होतं ना सर, परत तोंड उघडायचं नाही.