बंदरासाठी फुटाणे

"सुनेले कायले न्या लागते वो? तिनं तं पाह्यलं हाये ना सारं!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं, तुम्हाला सांगते, मुळीच नव्हतं! सासूबाई शेजारच्या जयवंताबाईंशी बोलत होत्या, मागच्या अंगणात, वालाच्या शेंगा सोलता सोलता. आणि मी अलीकडे न्हाणीत, तोंडाला साबण, डोळे घट्ट मिटलेले... पण कान? कान काही साबणाने मिटत नाहीत ना! जयवंताबाई बिचाऱ्या म्हणत होत्या, "घर मी पाहीन वो आनंदाबाई, ने ना पोरीले," आणि त्यावर हे उत्तर. साबण डोळ्यांत गेला माझ्या. म्हणजे नंतर डोळे लाल का म्हणून विचारलं तेव्हा मी तरी हेच सांगितलं, साबण गेला.

आता तुम्ही म्हणाल, न्यायचं तरी कुठे? काशीला? रामेश्वराला? अहो, मुंबईला! माझगावला! माझ्या माहेरी! सासरची सगळी मंडळी दोन दिवस माझ्या माहेरी उतरणार, माझ्या आईच्या हातचं जेवणार, तिथून भाऊच्या धक्क्यावर जाऊन गोव्याची बोट धरणार, आणि मी? मी हिंगणघाटला घर राखणार! का? तर मी पाहिलंय ना सगळं!

माझे बाबा मूळचे तळेगाव श्यामजी पंतचे, पोटासाठी मुंबईला गेले आणि बोटीच्या शिडीपाशी उभं राहून तिकिटं तपासायच्या नोकरीला चिकटले ते चिकटलेच. लग्न मात्र गावाकडे, तळेगावात. मांडवातून उठले ती थेट हिंगणघाटला आले. तेव्हापासून समुद्र सोडाच, माहेरचा उंबरठासुद्धा पाहिलेला नाही. इकडे पहाटे मिलचा भोंगा झाला की झोपेत मला वाटतं, बोट सुटली... आणि उठून बघते तर चूल!

बरं, मी बोलणारी असते तर तेव्हाच बोलले असते. पण माझं काय आहे, सासरी आल्यापासून 'हो', 'नाही' आणि 'वाढू का' एवढ्यावर संसार चाललेला. एकदा 'मला' म्हणाले तर नणंद, कोकिळाताई, हसून हसून खाली बसली. "मलाऽऽ! माय वो, कशी पुस्तकावानी बोलते!" तेव्हापासून तेही बंद.

आणि अशा मुक्या बाईला या मंडळींनी नेमलं काय? तर वाटाड्या! रोज संध्याकाळी मामाजी, म्हणजे सासरे, बाजेवर मांडी घालून बसायचे, सासूबाई पाटावर, कोकिळाताई उंबऱ्यात, हे खांबाला टेकून, आणि मी दाराच्या चौकटीत उभी. "हं, सूनबाई, सांगजो. टेसनावर उतरलो. मंग?"

"मग टॅक्सीवाल्याला म्हणायचं, भाऊचा धक्का."

"कोनाचा भाऊ?"

"ज्यांनी बांधला त्यांना भाऊ म्हणायचे."

"मंग धक्का काऊन देते?"

सांगा आता! धक्का देत नाहीत मामाजी, धक्का म्हणजे बोट लागते ती जागा... मी समजावते, मामाजी मान हलवतात, आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर सांगतात, "तिथं पयले धक्का देते, मंग बोटीत घेते!"

आणि तुम्हाला सांगते, माझी कोंडी बघा कशी. नीट सांगावं तर माझी गरजच संपली! उलटसुलट सांगावं तर ही मंडळी गोव्याऐवजी उरणला जाऊन बसतील आणि बाबा कपाळाला हात लावतील, हेच का माझ्या मुलीचं शिक्षण! एकदा मी मुद्दाम धीर करून म्हणाले, "तिथे एक वळण आहे... ते सांगता येत नाही, दाखवावंच लागतं." म्हटलं, आता तरी कुणी म्हणेल, मग तूच चल! मामाजी म्हणाले, "पोलीसले विचारू."

मग एकदा सांगून बसले, की बोटीच्या डेकच्या तिकिटाला जागा ठरलेली नसते, शिडी लागली की पळत वर जायचं आणि सतरंजी टाकायची, ज्याची सतरंजी त्याची जागा. हे सांगायला नको होतं हो! दुसऱ्या दिवसापासून अंगणात तालीम! ओटा झाला बोट. पायऱ्या झाल्या शिडी. हे झाले माझे बाबा, तिकिटं तपासायला. कोकिळाताई झाली गर्दी, ती कोपरं मारायची. आणि मामाजी धोतर वर खोचून, बगलेत सतरंजी, "सरका! सरका!" करत ओट्यावर झेप घेऊन आडवे! सासूबाई त्यांच्या उशाशी बसून विचारायच्या, "अन् आपल्या वणा नदीपेक्षा मोठा राह्यते काय वो समुद्र? पूर आल्यावर तं वणा बी लय मोठी होते." आणि मी कोण झाले असेन? माझ्याशिवाय कसं होईल? मी समुद्र! "सूनबाई, तू बादलीतलं पानी हलवजो, लाटाचा आवाज आला पायजे." हलवलं मी. पदर खोचून सात समुद्रांचं पाणी हलवलं.

मग एकदा यांना डबा देताना विचारलं, अगदी हळू, डब्याकडे बघत, "अहो, मी पण...?"

"तू?" हे सायकलवर एक पाय टाकून म्हणाले, "तुयं तं पाहून झालं ना सारं!" आणि गेले मिलला. माणूस वाईट नाही हो. पण आईचं वाक्य असं पोराच्या तोंडी आलं की बाईने कुठे बघावं? मी आपली रिकाम्या दाराकडे बघत राहिले.

आणि अशात ते फुटाण्यांचं प्रकरण झालं.

निघायच्या आदल्या दिवशी बघते तर सासूबाई चुलीपुढे, कढईत वाळू, वाळूत हरभरे, आणि बाजूला फुटाण्यांनी अर्धं पोतं भरलेलं! मला वाटलं वाटेत खायला. पण अर्धं पोतं? एवढे फुटाणे खाऊन गोव्यापर्यंत माणूस शाबूत पोचेल का?

"सासूबाई, एवढे फुटाणे?"

"बंदराले लागन ना."

"बंदराला?"

"मंग! तूच तं सांगतलं, बंदरावर हातात खायचं धरू नका, झडप घालून नेते म्हनून!"

अहो, त्या घारी! मासळीवर टपलेल्या घारी! 'घारी' हा शब्द माझ्या ओठापर्यंत आला आणि तिथेच थिजला, कारण सासूबाई पुढे बोलत होत्या, अशा काही आनंदाने, की हातातला झारासुद्धा हलायचा थांबला. "आमी वांदर म्हनतो, तुमी मुंबईवाले बंदर म्हनता. हनुमंताचे लेकरं ते, काई बी म्हना!"

 वानरं! या बाई वानरं बघायला निघाल्या होत्या!

आणि पुढचं ऐका. "चंद्रभानचं जमता जमेना," हे म्हणजे आमचे हे, "तवा मारुतीले बोलली मी, याचं लगन होऊ दे, तुह्या लेकराइले अर्धं पोतं फुटाने चारीन. अन् थोडेच दिस गेले तं तुयं स्थळ आलं. स्थळ आननारे बंडूजी म्हने, पोरीचा बाप बंदरावर नोकरीले हाये. म्या म्हटलं, झालं! मारुतीनं निशानीच देल्ली! नाकडोळे बी पाह्यले नाई मी तुये, हो म्हनून टाकलं!"

म्हणजे बघा! मला वाटायचं रंग पाहून पसंत केलं, नाहीतर शिक्षण पाहून, गेला बाजार भरतकाम पाहून... आणि मी पसंत पडले ती वानरांवर!

"पण सासूबाई," मी चाचरत म्हणाले, "गावात वानरं काय कमी आहेत?"

"गावचे? ते कौलं फोडते रोज! त्याइले काऊन चारू? मारुतीनं बंदर दाखोलं ना मले!"

त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं की नाही मला आठवत नाही, आणि घरात कुणी काही म्हणालं नाही, म्हणजे बहुतेक बरोबर पडलं असावं. खरं सांगावं तर सासूबाई म्हणणार, वांदर नाही तर जाऊन काय करू, खारं पानी पिऊ? मोडला बेत! मग उभ्या जन्मात या घरातून मुंबईचं तिकीट निघायचं नाही. गप्प राहावं तर सासूबाई अर्धं पोतं घेऊन धक्क्यावर उभ्या राहणार आणि माझ्या बाबांना विचारणार, "व्याही, तुमचे बंदर कुठं हायेत?" आणि बाबा हसणार. बाबांचं हसणं तुम्ही ऐकलेलं नाही, बोटीवरचे खलाशी खाली वाकून बघतात. चारचौघांत सासूबाईंचा असा पाणउतारा झाला, की परत आल्यावर त्यांचं तोंड कोणाला बघायचंय? मला!

तशी वानरं आहेत हो मुंबईत! घारापुरीला आहेत, लाँचने जायचं, वर चढताना पिशव्या ओढतात मेली. पण हे सांगितलं की काय होणार? "वा वा, सूनबाई, अजून सांगजो!" आणि पुन्हा अंगणात तालीम, ओट्याची घारापुरी, आणि मी तिथे कोण होणार हे सांगायला नकोच! आणि जाताना पुन्हा तेच... तिनं तं पाह्यलं हाये ना सारं!

निघायचा दिवस उजाडला. दारात रिक्षा. रिझर्व्हेशनची भानगड नाहीच, वर्ध्याहून साध्या डब्यात बसायचं. सतरंजी मामाजींच्या बगलेत, आतापासूनच! कोकिळाताईने नवी साडी नेसलेली. हे पोतं उचलून रिक्षात ठेवताहेत. जयवंताबाई दारात, माझ्याकडे बघताहेत. मी आपली उंबऱ्याच्या आत, हातात दह्याची वाटी, निघणाऱ्याच्या हातावर घालायला. सासूबाईंच्या हातावर घातलं, यांच्या हातावर घातलं. 

मामाजी रिक्षात बसता बसता थांबले. "सूनबाई, अजून काई सांगाचं राह्यलं काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय सांगू?  घारी म्हणू? घारापुरी म्हणू? लहानपणी बाबा रागावले की वऱ्हाडीत बोलायचे, आणि त्यांचं ते वऱ्हाडी इतकी वर्षं माझ्या पोटात कुठे दडून बसलं होतं कोण जाणे, ते एकदम वर आलं. आई, क्षमा कर. बाबा, तुम्ही तर फारच क्षमा करा. दह्याची वाटी जयवंताबाईंच्या हातात दिली, उंबरा ओलांडला, पोत्याशेजारी रिक्षात जाऊन बसले आणि म्हणाले,

"ते वांदर माह्या माहेरचे हायेत, मामाजी... मले पाह्यल्याबिगर फुटान्याले तोंड लावत नाईत!"