बिलावरचं आवतन

खताच्या दुकानदाराला कॉम्प्युटरात कुलूप कशाला लागतं म्हणता? ऐका तर.

बाळापूरच्या आमच्या दुकानाचा बिलाचा प्रोग्रॅम मीच बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला. बिलाच्या माथ्यावरचं दुकानाचं नाव एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये होतं. म्हणजे दारातल्या माठासारखं, कोणीही हात घालावा. आमच्या दादानं घातला. त्याच्या पोरीच्या लग्नाचा मजकूर छापून कसा दिसतो ते पाहिलं आन् तसाच सोडून जेवायला गेला. दुपारभर युरियाच्या प्रत्येक बिलावर नावाच्या जागी छापून गेलं, 'रविवारी आमच्या घरी लग्नास सहकुटुंब यावे.'

लग्नात ट्रॅक्टर भरभरून माणसं उतरून राहिली. दादाचा चेहरा उतरला. "एवढ्यांना बोलावलं कोणी?"

बंजारा तांड्याच्या प्रमुखांनी, नाईकांनी, खिशातून बिल काढलं. "तुमीच की शेठ! दुकानातून असं बराबर आवतन पहिल्यांदाच आलं."

वरणात पाणी वाढवत कशीबशी लाज राखली. दुसऱ्याच दिवशी मी नाव, पत्ता, सगळं उचलून सेटिंगच्या एका रेकॉर्डमध्ये ठेवलं आन् त्याला पासवर्ड घातला. वाचावं प्रोग्रॅमनं, बदलावं फक्त मी. येईल त्या गिऱ्हाइकाला ह्या कुलपाचं कौतुक सांगितलं.

पुढं माझ्या पोरीचं लग्न ठरलं. नाईक खत न्यायला आले आन् बिल उलटंपालटं करून पाहत राहिले.

"शेठ, पुतणीला आमी चाललो. मग लेकीच्या वेळी काहून कुलूप?"

मी पासवर्ड टाकून बिलावर आवतन घालायला बसलो. मागून दादा म्हणाला, "वरणात पाणी आतापासूनच टाकायचं का रे?"