लाईनवाले रामकिसनभाऊ

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या सरपंच उज्ज्वलाताई. रिसोडहून वेळ काढून आलेले वीज कार्यालयाचे साहेब. सत्कारमूर्ती, आपले लाईनमन रामकिसनभाऊ. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या गोमतीवहिनी. आणि पंख्याखालची जागा सकाळपासून धरून ठेवलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

रामकिसनभाऊ आज निवृत्त होत आहेत. पुढच्या आठवड्यात ते मुलाकडे, अमरदीपकडे, अकोल्याला राहायला जाणार. त्यांनी जाऊ नये, गावातच राहावं, अशी जाहीर विनंती करायचं काम ग्रामपंचायतीनं माझ्यावर सोपवलं आहे. मी त्यांचा शेजारी, आणि मास्तर माणूस नाही म्हणत नाही. विनंतीकडे येतोच. त्याआधी थोडं शिकवतो, सवय जात नाही.

वीज हा शब्द आपल्याकडे दोनच ठिकाणी असतो, आभाळात आणि बिलावर. घरात असते ती लाईन. राशन दुकानापुढं आपण उभे राहतो तीही लाईन. सोयरीक जुळवताना पोरगा कोणत्या लाईनीत आहे हे विचारतात, आणि पोरगं बिघडलं तर बाप म्हणतो, त्याले लाईनीवर आणा. तरुण मंडळी आणखी एक लाईन मारतात. तिच्याबद्दल साहेबांसमोर मी बोलत नाही, शेवटच्या लाईनीतल्यांना माहीत आहे. गोऱ्या साहेबाच्या भाषेतला हा एक शब्द, आपण त्याला सालदारासारखा राबवला. पण लाईन म्हटलं की गावाला पहिले आठवतात ते रामकिसनभाऊच. कार्यालयात तक्रार नोंदवायची असते, हे आपल्याला आजच साहेबांकडून कळलं.

भाऊंची कामाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. डीपीच्या पेटीतला दांडा खाली ओढून लाईन बंद करायची, डीपीच्या दारावर आपला गमछा टांगायचा, आणि मग खांबावर चढायचं. गमछा दिसला की डीपीला कोणी हात लावायचा नाही. एकदा भाऊ वर होते आणि आपल्या भुरीबाई खालून चालल्या होत्या. माणूस इतकं राबते आणि गमछा किती मळला, म्हणून त्यांनी मायेनं तो धुवायला नेला. मागून राजपाल आला. त्याचा पंप बंद, गमछा दिसेना, त्यानं सरळ दांड्याला हात घातला. तेवढ्यात वरून अशी एक शिवी आली, की राजपाल थेट कापसाच्या पऱ्हाटीत जाऊन बसला. त्या शिवीनं भाऊंचा जीव वाचवला. व्यासपीठाची मर्यादा आहे, नाहीतर तिचाही आज सत्कार व्हायला हवा होता. भुरीबाई गमछा घडी घालून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पाय बरं, कसा पांढराफेक निंगाला."

आपण सगळे खूप हसलो होतो. आताही हसलात. आज सकाळी निमंत्रण द्यायला गेलो तेव्हा हीच गोष्ट मी वहिनींना सांगत होतो. त्या हसल्या नाहीत.

म्हणाल्या, "मास्तर, लाईन आली का सारं गाव खुश होते. मी त्याच वक्ती दाराकडं पायत बसतो. बलप लागला म्हंजे लाईन आली, एवढंच समजते. माणूस खाली उतरला का नाई, थे बलप सांगत नाई. याईची गाडी दारात वाजली का मंग मी तवा ठेवतो."

वहिनी, खाली पाहू नका. आमचे दिवे लागले की आम्ही टीव्ही लावायचो, आणि भिंतीपलीकडे तुम्ही दाराकडे डोळे लावून बसायच्या. मला शेजारी असून कळलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

तर उज्ज्वलाताई, ती विनंती मी करत नाही. रामकिसनभाऊ, तुम्ही जा. लाईन अकोल्यालाही जाते. तेव्हा खुर्चीवरून उठायचं नाही. वहिनींच्या शेजारी अंधारात बसायचं, आणि आम्ही तुमच्या नावानं बोटं मोडायचो तशी तिथल्या लाईनमनच्या नावानं मनसोक्त मोडायची.

आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचे आभार. ग्रामपंचायतीनं सांगितलं एक आणि मास्तर बोलला भलतंच, एवढं पोटात घाला.