बांधलेला हात

ऑक्युपेशनल थेरपीच्या खोलीबाहेर बसलेल्या शिंप्याला कळेना, पेशंट नेमका कोण. हात बाईंचा गळ्यात बांधलेला आणि शर्टाच्या बटणांशी झगडत होते त्यांचे यजमान.

"हात मोडला का, ताई?"

"छे हो! लकवा यांना झालाय."

"मग तुमचा का बांधलाय?"

"बटणं मीच लावून द्यायचे, म्हणून यांचा हात सुधारेचना. इथल्या थेरपिस्ट मॅडम एकट्याच, त्या विचारणार कोणाला? शेवटी थेरपिस्टांच्या संघटनेत सभासद झाल्या. तिथल्या एका जुन्या बाईंनी सुचवलं, बायकोचा हात बांधा."

"म्हणजे आजार यांना, उपचार तुम्हाला?"

"तसंच म्हणायचं बघा."

"लागलं गं, एक लागलं!" यजमान ओरडले.

बाईंनी बांधलेला हात दुसऱ्या हाताने घट्ट धरला.

"दुखतोय का, ताई?"

"दुखत नाही हो. चुकीच्या काजात लागलंय."