शनी होऊन जाऊ दे

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या ड्रायव्हिंग लायसन्स ऑफिसात मागच्या खुर्च्यांवरून मराठी ऐकू आलं आणि आश्लेषाने फोन हळूच पर्समध्ये टाकला. मायलेकी होत्या.

"आज पास झाले ना आई, की मंगळवारी कॉलेजला मी एकटी ड्राइव्ह करत जाणार."

"जा बाई. अकरावीतच कॉलेजचं क्रेडिट मिळवतेस, आता माझं काय काम?"

"सुटलीस तू. मला गाडीने सोडायला यायचीस आणि खगोलशास्त्राच्या वर्गात मागे बसून राहायचीस बिचारी."

"डान्स क्लासला बसायचे, तशी बसले."

"कॉलेजात कुणाचीच आई बसत नाही गं! मी मेलेच होते पहिल्या दिवशी."

"मग सांगायचंस की."

"सांगणार होते. पण सरांनी दिवे घालवून छतावर तारे लावले, आणि तू अशी वर बघत होतीस ना..."

"मंगळवारी शनीची कडी दाखवणार आहेत. नीट बघ हं, आणि घरी आलीस की सगळं सांग मला."

तेवढ्यात मुलीचं नाव पुकारलं.

"आई, आज मला रिव्हर्स जमणार नाही बहुतेक."

"अगं, काल तर किती छान घेतलीस!"

"हो. पण शनी झाल्यावर जमेल."